पतपेढी आणि मासळीचे तेल : सर फ्रेडरिक निकल्सन

रविवारी सकाळी काळेवाडीच्या मुख्य रस्त्याने जाणाऱ्याला दोन गोष्टी हमखास दिसतात. एक म्हणजे मासळीच्या दुकानांपुढची गर्दी. कोकणातून रातोरात आलेले बांगडे, तारली, बोंबील, सुरमई इथे हातोहात विकले जातात आणि दुकानाच्या मागल्या बाजूला डोकी, आतडी, कल्ले आणि खवल्यांनी बादल्या भरत जातात. दुसरी गोष्ट म्हणजे पतसंस्थांच्या पाट्या. पवनेच्या पलीकडे पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि पुढच्या दशकात औद्योगिक वसाहत वाढू लागली. तेव्हापासून कोकण, खानदेश, मराठवाड्यातून आलेल्या कामगाराने या परिसरात घर केले. त्या घराच्या विटा बहुतेक वेळा कुठल्या ना कुठल्या पतपेढीच्या कर्जातून आल्या आहेत.

बादलीतला तो मासळीचा कचरा आणि भिंतीवरची ती पाटी यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असे कोणाच्या मनातही येणार नाही. मात्र सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी या दोन्ही प्रश्नांना एकाच माणसाने हात घातला होता. गरीब शेतकऱ्याला सावकाराच्या पाशातून सोडवायचे कसे, हा त्याचा पहिला प्रश्न होता. किनाऱ्यावर सडून जाणाऱ्या मासळीतून तेल काढायचे कसे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावरच्या त्याच्या कामामुळे भारतातील सहकारी चळवळीच्या आद्य प्रवर्तकांत त्याचे नाव घेतले जाते. दुसऱ्या प्रश्नावरचे काम मात्र आज मत्स्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांपलीकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. त्या माणसाचे नाव सर फ्रेडरिक ऑगस्टस निकल्सन.

निकल्सन यांचा जन्म १८४६ चा. ऑक्सफर्डमध्ये शिक्षण झाल्यावर ते भारतीय मुलकी सेवेत आले आणि १८६९ मध्ये मद्रास इलाख्यात रुजू झाले. तरुण इंग्रज अधिकाऱ्याच्या वाट्याला त्या काळी जे काम येई तेच त्यांच्याही वाट्याला आले : जमीन महसूल, दंडाधिकाऱ्याची कामे, घोड्यावरून तालुक्याची फिरती. नोकरीची सात-आठ वर्षे होतात न होतात तोच १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला. मद्रास इलाखा, म्हैसूर, हैदराबाद संस्थान आणि आपला दख्खन या साऱ्या मुलखाला त्याने होरपळून काढले. लक्षावधी माणसे मेली. शेतकऱ्याजवळ एका खराब हंगामापुरतीही शिल्लक नसते, आणि शिल्लक नसलेल्या माणसाला दुष्काळाआधी सावकारच गाठतो, हे त्या पिढीच्या अधिकाऱ्यांना डोळ्यांनी पाहावे लागले.

निकल्सन यांचा पिंड अभ्यासकाचा होता. कोइमतूर जिल्ह्याची समग्र माहिती देणारा त्यांचा ग्रंथ १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला. पिके, विहिरी, जमिनीचे प्रकार, गुरे, खते, मजुरी, व्याजाचे दर अशा सर्व अंगांनी जिल्हा न्याहाळण्याची त्यांची रीत त्यात दिसते. खताचा प्रश्न तेव्हापासूनच त्यांच्या मनात घर करून होता. शेण जाळले जाते, जमीन निकस होत जाते आणि रयतेला विकत खत घेण्याची ऐपत नसते, ही साखळी त्यांनी ओळखली होती. पुढे त्यांना समुद्राकडे घेऊन जाण्यात या खताच्या प्रश्नाचाही वाटा होता.

त्याआधी आला कर्जाचा प्रश्न. या प्रश्नाचा इतिहास पुणे जिल्ह्याला अगदी जवळचा आहे. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली, गहाणखते आणि कर्जरोखे जाळले, आणि ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. दख्खनचे दंगे म्हणून ते इतिहासात नोंदले गेले आहेत. त्यांतून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्यानंतर विल्यम वेडरबर्न यांनी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पाठिंब्याने शेतकऱ्यांसाठी बँकेची योजना मांडली. प्रयोगासाठी पुरंदर तालुका निवडला गेला होता. भारत सरकारने तिला अनुकूलता दाखवली, तरी लंडनमधील भारतमंत्र्यांनी ती नामंजूर केली आणि पुरंदरची बँक कागदावरच राहिली.

१८९२ मध्ये मद्रास सरकारने हाच प्रश्न निकल्सन यांच्यावर सोपवला. शेतकऱ्यांसाठी जमीन व शेती बँका आपल्याकडे सुरू करता येतील काय, याची चौकशी करण्यासाठी त्यांना खास नेमण्यात आले. ते युरोपात गेले. जर्मनीतील शुल्झ-डेलिच यांच्या शहरी पतपेढ्या, इटलीत लुझाती यांनी उभारलेल्या लोकबँका आणि ऱ्हाइनकाठच्या खेड्यांत फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन यांनी सुरू केलेल्या ग्रामीण पतसंस्था यांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. मद्रासमध्ये लोकांनी आपणहून चालवलेल्या निधी नावाच्या ठेव-कर्ज संस्थाही त्यांनी तपासल्या. त्यांच्या अहवालाचा पहिला खंड १८९५ मध्ये आणि दुसरा १८९७ मध्ये प्रसिद्ध झाला.

अहवालाचे सार थोडक्यात असे होते : शेतकऱ्याला पैसा पुरवणे हा प्रश्नाचा निम्माच भाग आहे. बाहेरून आलेला स्वस्त पैसा सवयी बदलत नाही. एका गावातली, एकमेकांना ओळखणारी माणसे एकत्र आली, एकमेकांना जामीन राहिली आणि स्वतःची बचत स्वतः सांभाळू लागली, तरच कर्जाचे ओझे उतरेल. त्यासाठी कायद्यापेक्षाही रायफायझेनसारखा, गावात राहून झिजणारा माणूस सापडला पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता. मद्रास सरकारला हा अहवाल फारसा रुचला नाही आणि काही काळ तो बाजूला पडून राहिला.

तो पुन्हा बाहेर काढला तो दुष्काळानेच. १८९९-१९०० मध्ये मुंबई इलाखा, मध्य प्रांत आणि राजपुताना होरपळून निघाल्यावर १९०१ मध्ये सर अँटनी मॅक्डोनेल यांच्या अध्यक्षतेखाली दुष्काळ आयोग बसला. निकल्सन त्याचे सदस्य होते. परस्पर पतसंस्थांची कल्पना आयोगाने उचलून धरली. त्याच सुमारास सर एडवर्ड लॉ यांच्या समितीने कायद्याचा आराखडा तयार केला आणि मार्च १९०४ मध्ये लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत सहकारी पतसंस्था कायदा संमत झाला. या कायद्याखाली अगदी आरंभी निघालेल्या संस्थांपैकी एक, तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, धारवाड जिल्ह्यातील कणगिनहाळ या गावी १९०५ मध्ये स्थापन झाली. १९११ मध्ये विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लुभाई सामळदास यांच्या पुढाकाराने मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक उभी राहिली. १९१२ च्या कायद्याने कर्जाशिवाय इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढण्याची मुभा दिली. पुढे साखर कारखाने, दूध संघ आणि कामगारांच्या पतपेढ्या असा जो वृक्ष महाराष्ट्रात फोफावला, त्याचे बीज या कायद्यांत होते.

१९०३ मध्ये निकल्सन यांना सर हा किताब मिळाला. १९०४ मध्ये ते सेवानिवृत्त झाले. वय अठ्ठावन्न. या वयातले इंग्रज अधिकारी बोटीत बसून मायदेशी परतत आणि उरलेले आयुष्य निवृत्तिवेतनावर घालवीत. निकल्सन यांनी निलगिरीतील कुन्नूर जवळ केले आणि १९०५ मध्ये मद्रासच्या किनाऱ्यावरील मासेमारीच्या चौकशीचे काम अंगावर घेतले. यापुढची सुमारे तेरा वर्षे त्यांनी हे काम मानद म्हणून केले.

मासेमारीचा विषय सरकारला अगदीच नवा नव्हता. लष्करी वैद्य आणि मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस डे यांनी १८७३ मध्ये भारत व ब्रह्मदेशाच्या सागरी मासेमारीवर अहवाल दिला होता. मिठावर जबर कर होता, त्यामुळे मासे खारवणे कोळ्यांना परवडत नसे. अर्धवट खारवलेली किंवा नुसती वाळूत सुकवलेली मासळी किडत असे. डे यांच्या खटपटीनंतर मद्रास इलाख्यात आणि आपल्याकडे रत्नागिरी व कारवार भागात मासे खारवण्यासाठी सवलतीच्या मिठाची सरकारी आवारे निघाली. पण तेवढ्यावर सारे थांबले होते. कोळ्याची होडी, त्याचे जाळे, त्याचे कर्ज आणि त्याने पकडलेल्या मासळीचे पुढे काय होते, याकडे पाहणारे स्वतंत्र खाते नव्हते.

निकल्सन यांनी किनारा पायाखाली घातला, युरोपचा अनुभव घेतला आणि जपानलाही जाऊन आले. जपानमधील मासेमारीवरची त्यांची टिपणे १९०७ मध्ये प्रसिद्ध झाली. इंग्लंडच्या वाफेच्या बोटींपेक्षा जपान त्यांना अधिक उपयोगाचा वाटला, याचे कारण उघड होते. तिथला कोळीही गरीब होता, त्याची होडी लहान होती, पण मासळीचा कणही वाया न घालवण्याचे कसब त्याच्याजवळ होते. हेरिंग आणि सार्डिन उकळून, दाबून त्यांचे तेल व खत करण्याची रीत जपानच्या किनाऱ्यावर जुनी होती. त्याच वर्षी, १९०७ मध्ये, मद्रास सरकारने मत्स्य विभाग स्थापन केला. निकल्सन त्याचे मानद प्रमुख झाले.

आता मलबारच्या किनाऱ्याकडे वळू. आपण जिला तारली म्हणतो, ती सार्डिनेला लाँगिसेप्स ही मासळी केरळात मत्ती किंवा चाळा या नावाने ओळखली जाते. पावसाळा ओसरल्यावर तिचे प्रचंड थवे किनाऱ्यालगत येतात. मलबारपासून दक्षिण कानडा, कारवार, गोवा आणि मालवणपर्यंत तिचा वावर आहे. तिची येण्याची तऱ्हा मात्र मोठी लहरी. एखाद्या वर्षी ती इतकी येते की होड्यांना ओझे पेलत नाही, आणि एखाद्या वर्षी शोधून सापडत नाही. भरती आली की भाव कोसळतो. बर्फ नव्हते, रेल्वेचा डबा हाताशी नव्हता, मीठ महाग होते. खाऊन, विकून, खारवून उरलेली तारली वाळूवर पसरली जाई. ती तिथेच सुके, कुजे, तिच्यातील तेल वाळूत जिरे आणि वाळूमिश्रित दुर्गंधीयुक्त खत म्हणून ती कवडीमोलाने नारळाच्या बागांना जाई.

तेल काढण्याची रीत नव्हतीच असे नाही. किनाऱ्यावरचे लोक जुन्या होड्यांत किंवा पिंपांत मासे पाण्यासह भरून ठेवीत. काही दिवसांत मासे कुजले की तेल वर तरंगे आणि ते वरचेवर काढून घेतले जाई. हे तेल काळपट, आंबूस आणि असह्य वासाचे असे. होड्यांच्या फळ्यांना चोपडायला ते चाले, परदेशच्या बाजारात त्याला किंमत नसे. उरलेला लगदाही खत म्हणून निकृष्ट असे.

यातली चूक कुठे होती, हे समजून घेतले तर निकल्सन यांनी काय केले ते कळते. माशाचे तेल त्याच्या मांसात आणि आतड्यांभोवतीच्या चरबीत बारीक कणांच्या रूपाने, प्रथिनांच्या जाळ्यात अडकलेले असते. ते मोकळे करायचे तर ते जाळे मोडावे लागते. कुजण्याच्या क्रियेतही जाळे मोडते, पण ते मोडणारे जिवाणू आणि माशाच्या पोटातील पाचकरस तेलावरही हल्ला चढवतात. तेलाचे विघटन होऊन त्यात मुक्त मेदाम्ले वाढतात, रंग काळवंडतो, वास बिघडतो. उष्णतेनेही जाळे मोडते. उकळत्या पाण्यात प्रथिने काही मिनिटांतच गोठतात आणि त्यांच्यातील तेल व पाणी सुटे होते. त्यात जिवाणूंना वेळच मिळत नाही. नंतर हा शिजलेला लगदा दाबला की तेल आणि पाणी बाहेर येते, तेल हलके असल्यामुळे वर तरंगते, आणि मागे उरते ती जवळजवळ तेलविरहित पेंड. म्हणजे सारा फरक वेळेचा होता. मासा ताजा असताना जे काम तासाभरात होते, तेच कुजण्यावर सोडले तर काही दिवस लागतात आणि माल हातचा जातो.

युरोपला हा धडा अर्धशतक आधी मिळाला होता. नॉर्वेत कॉड माशाचे यकृत पिंपांत कुजवून तेल काढीत आणि औषध म्हणून ते नाक दाबून प्यावे लागे. पीटर म्योलर या औषधविक्रेत्याने १८५० च्या दशकाच्या आरंभी ताजे यकृत वाफेच्या साह्याने शिजवून स्वच्छ, फिकट तेल काढण्याची रीत रूढ केली. तेव्हापासून कॉडलिव्हर ऑइल जगभर घरोघरी पोहोचले. तिथे कच्चा माल यकृत होते, मलबारात अख्खी तारली होती, तत्त्व मात्र एकच.

निकल्सन यांच्या विभागाने कन्नूर आणि तानूर येथे प्रयोग केले. साधने मुद्दामच साधी ठेवली होती. उघड्या कढया किंवा टाक्या, खाली सरपणाचा जाळ, शिजलेली मासळी भरायला काथ्याची पोती आणि ती दाबायला हाताने फिरवायचा स्क्रूचा दाबयंत्र. दाबातून निघालेले पाणी व तेल हौदात सोडायचे, निवळू द्यायचे, वरचे तेल काढून पुन्हा तापवून त्यातील पाणी घालवायचे आणि पिंपात भरायचे. पोत्यातली पेंड उन्हात वाळवली की उत्तम खत तयार. पेरूच्या बेटांवरील पक्ष्यांच्या विष्ठेचे ग्वानो हे खत तेव्हा जगप्रसिद्ध होते, म्हणून या पेंडीलाही मासळीचे ग्वानो म्हणत. त्यात नत्र आणि स्फुरद दोन्ही भरपूर. तेल काढून घेतल्यामुळे ते जमिनीत लवकर मुरते, आणि वाळू नसल्यामुळे चहा-कॉफीच्या मळेवाल्यांना वाहतुकीचा खर्च परवडे.

या साधेपणामागे विचार होता. वाफेची मोठी यंत्रे आणून भांडवलदाराचा एखादा भव्य कारखाना उभा करणे अवघड नव्हते. पण मग कोळी त्या कारखान्याचा पुरवठादार आणि मजूर एवढाच उरला असता. त्याचे कर्ज एका सावकाराकडून दुसऱ्याकडे गेले असते. किनाऱ्यावरच्या चार-सहा कुटुंबांनी मिळून उभारता येईल इतके स्वस्त साधन हाती दिले, तर भरतीच्या दिवशी भाव पडला तरी मासळी फेकून द्यावी लागणार नाही, असा निकल्सन यांचा हिशेब होता. वाफेच्या मोठ्या बोटी आणण्याच्या उतावळेपणालाही त्यांचा विरोध होता. सुधारणा कोळ्याला बरोबर घेऊन, पायरीपायरीने झाली पाहिजे असे ते मानत. ज्या माणसाने दहा वर्षांपूर्वी शेतकऱ्याला बाहेरून पैसा ओतून उपयोग नाही असे सांगितले, तोच माणूस इथे बाहेरून यंत्र ओतून उपयोग नाही असे सांगत होता.

प्रयोग यशस्वी झाला की नाही, हे ठरवायला सरकारी अहवालाची गरज पडली नाही. मलबार आणि दक्षिण कानड्याच्या किनाऱ्यावर काही वर्षांतच शेकडो खासगी भट्ट्या पेटल्या. तेल कातडी कमावण्यासाठी, तागाच्या धाग्याला मऊपणा आणण्यासाठी, पोलादाला पाणी देण्यासाठी आणि साबणासाठी जाऊ लागले. युरोपच्या बंदरांत मलबारच्या सार्डिन तेलाला नाव मिळाले. पहिल्या महायुद्धात जहाजे मिळेनाशी झाल्यावर या धंद्याला फटका बसला, तरी तो मोडला नाही.

निकल्सन यांचे मन मात्र तेवढ्यावर निवांत नव्हते. ज्या देशात माणसे उपाशी मरतात तिथे खाण्याजोगी मासळी खतात जावी, ही गोष्ट त्यांना खटकत असे. म्हणून मासे नीट खारवण्याचे, डबाबंद करण्याचे प्रयोगही त्यांनी चालवले. चालियम येथे सरकारी डबाबंदीचा कारखाना निघाला. तेल-खताचा उद्योग त्यांच्या दृष्टीने उरलेल्या मालासाठी होता, आधी अन्न आणि मग खत. कोळ्यांच्या वस्त्यांत सहकारी संस्था आणि शाळा काढण्याच्या कामात त्यांचे सहायक व्ही. गोविंदन यांचा मोठा हात होता. दोन्ही किनाऱ्यांवरील मासेमारीची गोविंदन यांनी संकलित केलेली माहिती १९१६ मध्ये प्रसिद्ध झाली. किनाऱ्यावरच्या माणसांना ओळखणारा असा सहकारी नसता, तर कुन्नूरच्या बंगल्यातल्या योजना वाळूपर्यंत पोहोचल्या नसत्या.

१९१८ मध्ये निकल्सन यांनी विभागाची सूत्रे जेम्स हॉर्नेल यांच्याकडे सोपवली. वय बहात्तर झाले होते. त्यांचा अखेरचा काळ निलगिरीतच गेला आणि १९३६ मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर, त्यांचे निधन झाले. ज्या देशात नोकरीसाठी आले त्याच देशात ते राहिले.

त्यांच्या आयुष्याचा हिशेब मांडताना उणे बाजूही पाहायला हवी. ते परक्या राजवटीचे अधिकारी होते. शेतकऱ्याच्या कर्जाला जमीन महसुलाची सक्तीही कारणीभूत आहे, हे दादाभाई नवरोजी आणि रमेशचंद्र दत्त यांनी दाखवून दिले होते. सरकारी अहवालांची झेप तेथवर जात नसे. सहकाराची कल्पना खालून, गावातून फुलावी असे निकल्सन यांना वाटत होते, पण प्रत्यक्षात कायदा वरून आला, निबंधक वरून आला, आणि सहकाराची दोरी सरकारच्या हाती राहिली. तिचे परिणाम आपण महाराष्ट्रात आजही पाहतो. तेलाच्या धंद्यातही कोळ्यांच्या भट्ट्यांबरोबर व्यापाऱ्यांच्या भट्ट्या वाढल्या. खतासाठी खाण्याची मासळी कढईत जाऊ नये ही इच्छा बाजाराने मानली नाही.

आणि तारलीनेही दगा दिला. १९४० च्या दशकात मलबारच्या किनाऱ्यावरून ती जवळजवळ नाहीशी झाली. लहान तारली पकडण्यावर मद्रास सरकारला निर्बंध घालावे लागले. तिच्या येण्याजाण्यात पाऊस, पाण्याचे तापमान आणि खाद्य यांचा मोठा भाग असतो, हे नंतरच्या संशोधनाने दाखवले, पण बेसुमार मासेमारीने पडती आणखी खोल जाते, हेही तेवढेच खरे. हा खेळ संपलेला नाही. केरळात २०१२ मध्ये सुमारे चार लाख टन तारली मिळाली होती. २०२१ मध्ये तो आकडा साडेतीन हजार टनांच्याही आत आला. अगदी लहान मासे पकडले जाऊ नयेत म्हणून केरळने २०१५ मध्ये माशांच्या किमान आकारमानाचे नियम केले, आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रानेही तो मार्ग धरला. किनाऱ्यावरच्या मासळी-भुकटी आणि तेलाच्या कारखान्यांकडे अपुऱ्या वाढीची मासळी जाते, ही तक्रार या नियमांमागे होती.

दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेचे कॉडलिव्हर ऑइल बंद झाले तेव्हा मद्रास, त्रावणकोर आणि मुंबई इलाख्यांत मुशीच्या यकृतापासून जीवनसत्त्वयुक्त तेल काढण्याचे उद्योग उभे राहिले. ताजे यकृत, बेताची उष्णता आणि झटपट वेगळे केलेले तेल, हाच मंत्र तिथेही चालला. रत्नागिरीजवळ शिरगाव येथे १९८१ मध्ये मत्स्य महाविद्यालय निघाले आणि कोकणच्या मुलांना मासळी-प्रक्रियेचे शास्त्र घराजवळ शिकायला मिळू लागले.

आज तेल काढण्याच्या रीती पुष्कळ पुढे गेल्या आहेत. कढईच्या जागी वाफेवर चालणारा सलग शिजवणी-यंत्र आला, हाताच्या दाबयंत्राच्या जागी फिरत्या स्क्रूचा दाबयंत्र आला, आणि हौदात निवळण्याऐवजी तेल मध्योत्सारी यंत्रात मिनिटांत वेगळे होते. जिथे उष्णतेने नाजूक तेल बिघडण्याची भीती असते, तिथे विकरांच्या साह्याने प्रथिनांचे जाळे सोडवतात. खर्च परवडेल तिथे उच्च दाबाखालील कार्बन डायऑक्साइड वायूने तेल खेचून घेतात. लहान गावांसाठी सर्वांत सोपा मार्ग आम्लाचा : मासळीचा बारीक केलेला कचरा फॉर्मिक आम्लात मुरवला की तो कुजत नाही, पातळ होतो, वर आलेले तेल काढून घेता येते आणि उरलेला द्राव पशुखाद्याला किंवा खताला चालतो. ओमेगा-३ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मेदाम्लांमुळे या तेलाला आता औषधाचे मोल आले आहे. ही मेदाम्ले हवेने फार लवकर बिघडतात. त्यामुळे निकल्सन यांच्या काळी जो नियम होता तो आज दुप्पट कडक झाला आहे : माल ताजा असला तरच तेल चांगले.

फरक एकच, पण महत्त्वाचा आहे. निकल्सन यांच्या कढईत अख्खी तारली जात होती, कारण ती खायला माणूस पोहोचत नव्हता. आज बर्फ आहे, शीतपेट्या आहेत, आणि रात्री हर्णै किंवा रत्नागिरीला उतरलेली मासळी सकाळी पुण्याच्या गणेश पेठेत आणि पिंपरी-काळेवाडीत मिळते. त्यामुळे अख्खा मासा कढईत घालण्याचे समर्थन उरलेले नाही. पण साफ करताना डोकी, आतडी, काटे आणि कातडी यांच्या रूपाने अनेक जातींत माशाच्या वजनाचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग बाजूला पडतो. या भागातही तेल असते. खायचे ते खाल्ल्यावर उरलेल्याचे काय करायचे, हा निकल्सन यांचा खरा प्रश्न होता, आणि तो आज किनाऱ्यावर जेवढा आहे तेवढाच शहरातही आहे.

एका दुकानाची बादली कुणालाच परवडणारी नाही. तिच्यापुरते यंत्र कोणी आणणार नाही आणि दुपारपर्यंत उन्हात राहिलेल्या कचऱ्यातून चांगले तेलही निघणार नाही. पण एका भागातले वीस-पंचवीस मासळीविक्रेते एकत्र आले, सकाळचा कचरा सकाळीच एका ठिकाणी गोळा झाला आणि तो आम्लात मुरवण्याची साधी सोय झाली, तर चित्र बदलू शकते. तो पवनेकाठी किंवा कचराडेपोत कुजण्याऐवजी तेल, खत आणि पशुखाद्य होऊ शकतो. त्यासाठी लागणारे भांडवल फार मोठे नाही. ते एका पतसंस्थेच्या आवाक्यातले आहे.

शेतकऱ्याची पत आणि कोळ्याची मासळी, या दोन्ही गोष्टी एकट्याच्या हाती असल्या की वाया जातात आणि वेळेवर एकत्र आल्या की उपयोगी पडतात, हे निकल्सन यांनी आयुष्याच्या दोन टप्प्यांत दाखवले. काळेवाडीच्या रस्त्यावर पतसंस्थेची पाटी आणि मासळीची बादली आजही एकमेकींपासून चार पावलांवर आहेत. ते अंतर अजून कोणी चालून गेलेले नाही.